व्हायोलिनची चिठ्ठी, तंबोऱ्याचा भोपळा

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका रात्री साडेदहाला माझ्या मामेभावाचा गावाहून फोन आला. ‘‘ताई, कागद-पेन घे आणि मी सांगतो ते लिही,’’ असे म्हणून तो एकेक इंग्रजी अक्षर सांगू लागला. केज तालुक्यातल्या त्यांच्या वाड्याची वाटणी चालली होती. जुन्या ट्रंका उघडल्या जात होत्या आणि एका ट्रंकेत आजोबांचे व्हायोलिन निघाले होते. व्हायोलिनच्या पोटावर इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारख्या दोन फटी असतात. त्यांतल्या एकीतून त्याने मोबाइलची बॅटरी आत धरली, तेव्हा तळाशी चिकटवलेली पिवळी चिठ्ठी दिसली. त्याने सांगितलेली अक्षरे मी जुळवली. ‘अँटोनिअस स्ट्रॅडिव्हेरिअस क्रेमोनेन्सिस फाचिएबात ॲनो १७२१’ अशी ती ओळ होती. भाषा लॅटिन, अर्थ एवढाच : क्रेमोनाच्या अँटोनिओ स्ट्राडिव्हारीने १७२१ साली केले.

फोन करण्याआधी त्याने इंटरनेटवर शोध घेतलेला होता. नेमक्या १७२१ सालचेच ‘लेडी ब्लंट’ नावाचे स्ट्राडिव्हारीचे व्हायोलिन २०११ साली १५९ लाख डॉलरला विकले गेले, हे त्याला सापडले होते. तेव्हाच्या दराने ही रक्कम सत्तर कोटी रुपयांहून जास्त होते. ‘‘कोटीची वस्तू घरात होती गं ताई, आणि आपण पाण्याच्या टँकरची वाट बघत बसलो,’’ तो म्हणाला.

पुढच्या पंधरा दिवसांत जे झाले त्यामुळे हा लेख लिहावा लागला. वाटणीपत्रावर सह्या व्हायच्या होत्या, त्या थांबल्या. थोरल्याने प्रस्ताव मांडला, व्हायोलिन मला द्या, त्याच्या बदल्यात विहिरीखालची माझी दोन एकर धाकट्याला. बीड जिल्ह्यात विहिरीखालची दोन एकर कोणी सहज सोडत नाही, त्यामुळे धाकट्याला लगेच संशय आला. बहिणीचे म्हणणे, विका आणि तीन सारखे हिस्से करा. तिघेही एकमेकांशी बोलेनासे झाले आणि तिघेही स्वतंत्रपणे माझ्याकडे आले. मी अंबाजोगाईला तीस वर्षे इतिहास शिकवला. ‘जुन्या वस्तूंचे तुला कळते’ असा त्यांचा समज. मला व्हायोलिनमधले काही कळत नव्हते. पण थोरला दोन एकर जमीन एका चिठ्ठीपायी सोडायला निघाला होता. तेव्हा दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे भाग होते. हे व्हायोलिन खरेच कोणाचे? आणि जुन्या व्हायोलिनला एवढी किंमत येते तरी कशी?

चिठ्ठीची परीक्षा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याने वीस मिनिटांत दिले. त्याने दंतवैद्याकडे असतो तसा छोटा आरसा फटीतून आत घातला आणि ओलसर कुंचल्याने चिठ्ठीच्या खालच्या कडेवरची धूळ पुसली. बारीक अक्षरांत आणखी एक शब्द उमटला : ‘जर्मनी’.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला जर्मनीतल्या साक्सनी प्रांतात, मार्कनॉयकिर्शेन गावाच्या परिसरात, व्हायोलिनचा प्रचंड घरगुती उद्योग होता. एका घरात नुसत्या माना कोरायच्या, दुसऱ्या घरात पोटाच्या फळ्या, तिसऱ्या घरात खुंट्या. व्यापारी ते भाग गोळा करून जोडून घेत आणि जगभर पाठवत. फ्रान्समधले मिरकूर आणि बव्हेरियातले मिटनवाल्ड ही अशीच गावे. या मालात प्रसिद्ध कारागिराच्या नावाची छापील चिठ्ठी लावायची पद्धत होती. तिचा अर्थ ‘त्या घाटाचे’ एवढाच असे. आपल्याकडे ‘पैठणी’ म्हटले की साडी पैठणलाच विणलेली असते असे नाही, त्यातलाच हा प्रकार. त्या काळच्या ग्राहकाला हे ठाऊक होते. त्याच्या नातवाला ते ठाऊक नसते, आणि घोटाळा तिथे होतो. अमेरिकेच्या १८९० सालच्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे केले. त्यामुळे चिठ्ठीवर देशाचे नाव इंग्रजीत छापलेले असेल, तर ते वाद्य बहुधा १८९१ नंतरचे असते.

कारागिराने चिठ्ठीवर विसंबून न राहता आणखी तीन खुणा दाखवल्या. चांगल्या व्हायोलिनच्या कडेने लाकडाच्या तीन पातळ पट्ट्या खोबणीत बसवलेल्या असतात. कड आपटली तरी चीर आत जाऊ नये हा त्यांचा उपयोग. आमच्या व्हायोलिनवर ती रेघ नुसती शाईने ओढलेली होती. वरच्या फळीखाली मंद्र तारांच्या बाजूला एक लांब दांडी चिकटवतात. इथे ती वेगळी न करता फळीतूनच कोरून ठेवली होती. आणि आतल्या कोपऱ्यांत आधाराचे ठोकळेच नव्हते. ‘‘घाईचं काम आहे, पण लाकूड बरं आहे. शिकणाऱ्या मुलाला अजून वीस वर्षं पुरेल,’’ तो म्हणाला. किंमत त्याने वीस ते तीस हजार रुपये सांगितली.

आजोबा निजामाच्या मुलकी खात्यात नोकरीला होते आणि १९४८च्या पोलीस कारवाईनंतर गावी परतले. व्हायोलिन त्यांनी हैदराबादेत घेतले होते. त्या शहरात असा जर्मन माल विकत मिळणे अगदी स्वाभाविक होते.

वेगवेगळ्या तऱ्हांचे जुनेपण

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मला वर्ष लागले. ‘जुने ते सोने’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण आमचे व्हायोलिनही शंभर वर्षांच्या आसपासचे होते आणि त्याची किंमत सोन्यासारखी नव्हती.

स्ट्राडिव्हारी इटलीतल्या क्रेमोना गावी १७३७ साली वारला, तेव्हा तो नव्वदी ओलांडलेला होता. अखेरपर्यंत तो काम करत होता. त्याने हजाराहून अधिक वाद्ये केली असावीत, त्यांतली सुमारे ६५० आज शिल्लक आहेत. त्याच गावचा ग्वार्नेरी, ज्याला ‘देल जेझू’ म्हणतात, १७४४ साली वारला; त्याची व्हायोलिने दीडशेच्या आसपास उरली आहेत. या दोन नावांभोवती सगळा बाजार फिरतो. ‘दा विंची’ नावाचे स्ट्राडिव्हारीचे व्हायोलिन २०२२ साली १५३ लाख डॉलरला गेले, म्हणजे सुमारे १२० कोटी रुपयांना. याउलट न्यूयॉर्कचे हयात कारागीर सॅम्युएल झिग्मुंटोविच यांनी आयझॅक स्टर्न या थोर वादकासाठी केलेले व्हायोलिन २००३ साली १ लाख ३० हजार डॉलरला विकले गेले, आणि हयात कारागिराच्या वाद्याच्या लिलावात तो तेव्हाचा उच्चांक होता. एकाच जातीच्या दोन वाद्यांत शंभरपटीहून अधिक अंतर.

हे अंतर आवाजाचे आहे का, हे तपासून पाहिलेले आहे. फ्रेंच संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि अमेरिकेतले व्हायोलिनकार जोसेफ कर्टिन यांनी २०१० साली इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांपुढे सहा व्हायोलिने ठेवली : तीन नवी, दोन स्ट्राडिव्हारीची आणि एक ग्वार्नेरीचे. खोलीत अंधुक उजेड, वादकांच्या डोळ्यांवर काळसर चष्मे. ‘यांतले एक घरी न्यायचे तर कोणते?’ या प्रश्नावर २१ पैकी फक्त आठ जणांनी जुने निवडले. स्ट्राडिव्हारीचे एक तर सगळ्यांत नावडते ठरले. मग २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांना सहा जुनी आणि सहा नवी व्हायोलिने भरपूर वेळ देऊन वाजवू दिली; दहांपैकी सहांनी नवे निवडले. पुढे श्रोत्यांनाही सभागृहात बसवून ऐकवले. पॅरिस आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे श्रोत्यांना नव्या वाद्यांचा आवाज जास्त दूरवर पोचणारा वाटला. हे निष्कर्ष २०१२, २०१४ आणि २०१७ साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ स्ट्राडिव्हारी सामान्य होता असा नाही. आजचे उत्तम कारागीर त्याच्या तोडीचे काम करतात, एवढाच याचा अर्थ. आणि ते करतात कारण तीनशे वर्षे सगळे त्याच्याकडूनच शिकत आले. त्याच्या लाकडाबद्दल, रोगणाबद्दल बरेच तर्क झाले. सतराव्या शतकातल्या थंडीत झाडे सावकाश वाढली, म्हणून लाकूड दाट झाले, असा एक तर्क आहे. लाकडावर क्षारांची प्रक्रिया केली असावी, असा दुसरा. रोगणाचे रासायनिक परीक्षण २००९ साली झाले, त्यात साधे तेल, राळ आणि रंगद्रव्येच निघाली. शिवाय आज ऐकू येतो तो आवाज स्ट्राडिव्हारीने ऐकलेला नाहीच. एकोणिसाव्या शतकात सभागृहे मोठी झाली, तेव्हा जवळजवळ सगळ्या जुन्या व्हायोलिनांच्या माना काढून लांब आणि कललेल्या माना बसवल्या गेल्या, आतली दांडी बदलली, पुढे आतड्याच्या तारा जाऊन धातूच्या आल्या. मूळ माणसाच्या हातचे उरले ते पोट, पाठ, बाजू आणि डोक्याची गुंडाळी.

किंमत कशी चढत गेली

ज्या काळात स्ट्राडिव्हारी जिवंत होता, तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षे युरोपात अधिक मान होता तो टिरोलच्या याकोब श्टाइनरच्या आणि क्रेमोनाच्याच अमाती घराण्याच्या व्हायोलिनांना. त्यांचा आवाज गोड, दिवाणखान्यात शोभणारा. वियोत्ती हा इटालियन वादक १७८२ साली पॅरिसमध्ये गाजला, तो स्ट्राडिव्हारीचे व्हायोलिन वाजवत असे. मोठ्या सभागृहाला त्या सपाट घाटाचा आवाज पुरू लागला आणि पारडे फिरले. म्हणजे आज जी किंमत जन्मसिद्ध वाटते, ती मध्येच कधीतरी सुरू झालेली आहे.

यानंतर दोन माणसे महत्त्वाची. एक कोझिओ दी सालाबुए नावाचा इटालियन सरदार. त्याने १७७५ साली स्ट्राडिव्हारीच्या मुलाकडून उरलेली वाद्ये, हत्यारे, लाकडी साचे आणि कागदी नमुने विकत घेतले. पण त्याने केलेले मोठे काम वेगळेच आहे. हातात आलेल्या प्रत्येक वाद्याची मापे, लाकूड, रोगण, चिठ्ठी, दुरुस्ती हे सगळे तो वहीत टिपून ठेवी. दुसरा लुइजी तारिझिओ. हा उत्तर इटलीतली खेडी आणि मठ पालथे घालून जुनी व्हायोलिने गोळा करायचा आणि पॅरिसला नेऊन विकायचा. तो १८५४ साली मरण पावला. त्याचा साठा पॅरिसच्या व्हुयोम या व्यापारी-कारागिराने पुढच्या वर्षी उचलला. त्यात १७१६ सालचे ‘मसीहा’ व्हायोलिन होते. ते आता ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. पुढे लंडनच्या हिल बंधूंच्या पेढीने प्रत्येक महत्त्वाच्या वाद्याचे प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली आणि १९०२ साली स्ट्राडिव्हारीवर मोठा ग्रंथ काढला.

वही, प्रमाणपत्र, ग्रंथ. ‘लेडी ब्लंट’ १९७१ साली ८४ हजार पौंडांना विकले गेले होते, तेच २०११ साली ९८ लाख पौंडांना. चाळीस वर्षांत आवाज शंभरपटीने सुधारला नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची संख्या वाढली, वाद्यांची वाढू शकत नाही, आणि कोणते वाद्य खरे हे सांगणारी कागदांची साखळी तोपर्यंत पक्की झाली होती. साखळी नसती तर पैसा घालायला कोणी धजावले नसते. आज अशी बरीच वाद्ये न्यास, बँका किंवा धनिकांच्या मालकीची आहेत आणि वादकांना ती वापरायला मिळतात, आपल्याकडे देवस्थानची जमीन कसायला मिळावी तशी.

साखळी तुटते तिथे किंमत कोसळते. मसीहा खरे की एकोणिसाव्या शतकातली नक्कल, असा वाद १९९० च्या दशकाच्या अखेरीस पेटला, तेव्हा वरच्या फळीतल्या झाडाची वलये मोजली गेली. शेवटचे वलय १६८०च्या दशकातले निघाले, म्हणजे स्ट्राडिव्हारीच्या काळाशी जुळले. व्हिएन्नाचा नामांकित व्यापारी डिटमार माखोल्ड याच्या बाबतीत उलट झाले. त्याने बँकेकडे तारण ठेवलेली व्हायोलिने स्ट्राडिव्हारीची नव्हतीच असे निघाले, आणि २०१२ साली त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. लाकूड तेच, तारा त्याच, आवाज तोच. ज्या दिवशी नाव गेले, त्या दिवशी पैसे गेले.

हे वाचताना मला आमच्या अंबाजोगाईतली दासोपंतांची पासोडी आठवत होती. पंचीकरण त्यांनी भल्या लांब कापडावर लिहिले. त्यातला मजकूर छापून झालेला आहे, वाचायला तो पुस्तकात अधिक सोपा. तरी पासोडीच्या बदल्यात कोणी पुस्तक देऊ म्हणाले, तर आंबेकर ऐकून घेणार नाहीत. दासोपंत १६१५ साली गेले. त्यांचा हात त्या कापडावरून फिरला, आणि हे कापड तेच, याची साक्ष देणारी पिढ्यांची परंपरा आंब्यात आहे. जुन्या व्हायोलिनची किंमत याच जातीची आहे. फरक इतकाच की तिकडे त्या साक्षीचा बाजार झाला.

आपली दोन उदाहरणे

मग मनात आले, आपल्याकडच्या जुन्या वाद्यांना किंमत आहे का? दोन उदाहरणे माझ्या पाहण्यातली आहेत.

पहिले पेटीचे. बीड जिल्ह्यात हरिनाम सप्ताह नाही असे गाव सापडणे कठीण, आणि सप्ताह म्हटला की पेटी आली. पेटीवाल्यांना विचारा, जुन्या पॅरिस किंवा जर्मन रीडची पेटी नव्या पेटीपेक्षा महाग का? हे उत्तर सरळ आहे. हार्मोनियम मुळात फ्रान्सची; द्वारकानाथ घोष यांनी कलकत्त्यात तिला हाताने भाता मारायच्या पेटीचे रूप दिले. आत लागणाऱ्या पितळी रीड पॅरिसच्या कॅसरिएलसारख्या पेढ्यांकडून आणि जर्मनीतून येत. तिकडे हार्मोनियमचा जमाना संपला, कारखाने बंद पडले, आवक थांबली. आता रीड गुजरातेत पालिताण्याला होतात. पण जुनी रीड हलक्या वाऱ्याला बोलते आणि बरीच वर्षे सुरात राहते, असे वाजवणारे सांगतात. म्हणून जुनी पेटी मोडली, तरी कारागीर तिच्या रीड काढून नव्या खोक्यात बसवतो. खोके कोणाचे, आधी कोणी वाजवली, याच्याशी कोणाला देणेघेणे नसते. ही किंमत कामाची आहे, आणि ती कानाने तपासता येते.

दुसरे उदाहरण तंबोऱ्याचे, आणि ते मला आमच्याच वाड्यात सापडले. व्हायोलिनवरून रण माजलेले असताना बहीण सहज म्हणून गेली, ‘‘आजोबांचे तंबोरे बी होते की दोन. मिरजेहून आणलेले.’’ त्यांचे काय झाले, कोणाला नीट सांगता येईना. माळ्यावर शोधले, तेव्हा एक सापडला, भोपळ्याला हातभर चीर गेलेला. दुसऱ्याची नुसती दांडी होती. त्याचा भोपळा मामींनी कापून बियाणे ठेवायला वापरला होता. त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे सुका भोपळा पूर्वीपासून बियाण्यालाच लागतो.

मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास सुमारे १८५० पासूनचा. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार. पटवर्धन संस्थानात शस्त्रांचे काम कमी झाले, तशी त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी सतार-तंबोऱ्याची दुरुस्ती आणि मग निर्मिती सुरू केली. त्या घराण्यांतले अनेक जण पुढे ‘सतारमेकर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणाचे. अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. त्यांची अखेरची वर्षे मिरजेला गेली. वाद्य दुरुस्तीत आणि जवारी काढण्यात त्यांचा स्वतःचाही हात चालत असे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

म्हणजे नाव आहे, परंपरा आहे, पावणेदोनशे वर्षांचे काम आहे. जुना तंबोरा नव्याहून गोड बोलतो, असे गाणारे सांगतात. तरीही जुन्या मिरज तंबोऱ्याचा लिलाव झाल्याचे मला कुठे आढळले नाही. तो गुरूकडून शिष्याकडे जातो, नाहीतर माळ्यावर.

याची काही कारणे वाद्यातच आहेत. भोपळा ठिसूळ, त्याला चीर जाते, कीड लागते. तंबोऱ्याचा आवाज पुष्कळसा घोडीच्या जवारीत असतो, आणि ती वाजवून झिजते, पुन्हा पुन्हा काढावी लागते. आज गोड बोलणारा तंबोरा उद्या दुसऱ्याने जवारी काढली, तर निराळा बोलतो. कायद्याचाही भाग आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, त्यामुळे तिकडचा बाजार इकडे लागू होत नाही. तो कायदा आहे हे चांगलेच आहे.

पण मुख्य कारण मला मिरजेला समजले. चीर गेलेला तंबोरा घेऊन मी तिथे गेले. एका वयस्कर कारागिराने तो मांडीवर घेतला, भोपळ्याच्या माथ्यावर लाकडाची पाने कोरलेली असतात त्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘‘हे काम आमच्या आजोबांच्या वेळचं. पान असं वळवायचे ते दोनच घरांत.’’ कोणत्या घरात, असे विचारल्यावर तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘वडील असते तर त्यांनी नाव सांगितलं असतं.’’ आत चिठ्ठी नव्हती. मी पाहिलेल्या इतर जुन्या तंबोऱ्यांतही ती नव्हती.

म्हणजे क्रेमोनात जे ज्ञान होते, ते मिरजेतही होते. अंगठा फिरवून हात ओळखणारी माणसे होती. तिथे कोझिओने वही ठेवली, आणि इथे ती माणसे गेली तसे नाव गेले. आमच्या घरात याचा उलटा परिणाम दिसला. ज्या वाद्यात छापील चिठ्ठी होती, ते साठ-सत्तर वर्षे ट्रंकेत रेशमी फडक्यात जपून ठेवले गेले, आणि त्याच्यासाठी जमीन द्यायची तयारी झाली. ती चिठ्ठी कारखान्याची होती. ज्या वाद्यावर एका माणसाचा हात खरोखर फिरला होता, त्यात चिठ्ठी नव्हती, म्हणून त्याचे बियाण्याचे भांडे झाले.

मला तंबोऱ्याला सत्तर कोटी यावेत असे वाटत नाही. तसा बाजार झाला, तर तंबोरे गाणाऱ्यांच्या घरून तिजोऱ्यांत जातील, खोट्या चिठ्ठ्या निघतील आणि त्यांच्यावरून भावाभावांची भांडणे लागतील. त्याची चुणूक आम्ही पाहिली. पण पैशाआधी जी गोष्ट घडली, ती आपल्याला फुकटात करता येण्यासारखी आहे. ती म्हणजे लिहून ठेवणे.

पुढे काय झाले

व्हायोलिनची खरी हकिगत मी तिघांना एकत्र बसवून सांगितली. थोरला ऐकून उठला आणि काही न बोलता मळ्यात निघून गेला. चार महिने त्याने मला फोन केला नाही. मग दिवाळीच्या आधी आला, फराळाला बसला आणि म्हणाला, ‘‘ताई, तू नसतीस तर विहीर गेली असती.’’ सह्या झाल्या. दोन एकर त्याच्याकडेच राहिली. व्हायोलिन बहिणीच्या मुलीला दिले. ती लातूरला शिकते, आणि पुण्याच्या कारागिराने सांगितल्याप्रमाणे ते तिला पुरेसे आहे.

तंबोऱ्याची चीर मिरजेत सांधली. तो आता माझ्याकडे आहे. त्याच्यासोबत मी एक वही ठेवली आहे. कोणाकडून आणला : आजोबांनी, मिरजेहून. कधी : १९५० नंतर, मामाच्या आठवणीप्रमाणे. कोणी वाजवला : आजोबा, आणि एकादशीला गावात येणारे कीर्तनकार. कोणी सांधला, कधी, काय बदलले, लांबी किती, पाने कशी कोरली आहेत, याचा तपशील आणि दोन छायाचित्रे. सगळ्यांत वर ‘कोणी केला’ अशी ओळ आहे. तिच्यापुढे मी ‘मिरज, दोन घरांपैकी एक’ एवढेच लिहू शकले.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा घरोघर साफसफाई चाललेली असेल किंवा नुकतीच झालेली असेल. माळ्यावर एखादी पेटी, सारंगी, दिलरुबा किंवा तंबोरा असेल, तर तो भंगारवाल्याला द्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ अर्धा तास बसा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. पुढच्या दिवाळीला विचारू, असे आम्ही मामाच्या बाबतीत म्हणालो होतो. त्याने तंबोऱ्याचे साल सांगितले, कारागिराचे नाव आठवून सांगतो म्हणाला, आणि त्या पौषात गेला.